पुस्तक संपलं की बघू

रिबकामावशी,

आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने अंगण उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही, आता कुठून जमणार. तुम्ही म्हणाल, मला दिसतंय कुठे? पण तुम्हाला न दिसताही चूक कळायची. डोळे मिटून बसलेल्या असायचात, मी 'दीन'चं 'दिन' वाचलं की लगेच बोट वर. "अगो जमना, तो माणूस दीन होता. दिवस नव्हता." म्हणून आधीच सांगते, या कागदावर खूप चुका असतील. तुमचं बोट वर होईल तिथे समजून घ्या.

तोंडाने बोलायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते आहे. आणि तुम्ही गेल्यापासून हात एका जागी राहत नाहीत. काल तुमच्या घरात जाऊन धुतलेली भांडी परत धुतली. दुधाची वेगळी, मटणाची वेगळी, तुमच्यात लागतं तसं, दोन फडक्यांनी पुसली, दोन फळ्यांवर लावली. मग शिलाई मशीनवरचं कापड काढलं, झटकलं, परत घातलं. बाहेर आले, कुलूप लावलं, रस्त्यापर्यंत गेले आणि गॅस बघायला परत आले. गॅस कोण चालू ठेवणार होतं? आमचे हे म्हणतात, "गंजाडहून रोज भाडं खर्चून रिकाम्या घरी कशाला जातेस?" मी म्हणते, झाडांना पाणी घालायला. झाडांना पाण्याची गरज नाही, जमीन ओलीच आहे.

तुमच्याकडे पहिल्या दिवशी आले ती आगरहून कोळंबी घेऊन. तुम्ही निरोपात एवढंच सांगितलं होतं, येताना मासे आण. तुम्ही पिशवीत हात घातला आणि विंचू लागल्यासारखा बाहेर काढला.

"अगो, हे आम्हाला चालत नाही. आम्हाला खवलं असलेला मासा लागतो."

मी म्हटलं, "बाई, खवलं तर मी काढूनच टाकते."

तुम्ही इतक्या हसलात की खुर्चीला धरून बसलात. कोळंबी मी घरी नेली, आमच्याकडे त्या दिवशी सणासारखं जेवण झालं. मग तुम्ही हळूहळू सांगितलंत, तुमचे लोक यहुदी, शनिवार पाळणारे, शनिवारी विस्तव नाही आणि पैशाला हात नाही. इथे तुमच्यातलं दुसरं घर नव्हतं. यजमान रेल्वेत होते, डहाणू रोडला बदली झाली, रिटायर झाल्यावरही तुम्ही दोघं इथेच राहिलात. ते गेल्यावर तुम्ही एकट्या, शिलाई मशीन आणि भिंतीवर मुलाचा फोटो.

त्या फोटोची गोष्ट लिहिली पाहिजे. तुम्ही एकदा फोटोकडे बघून म्हणालात, "हा आमचा दान्या. वर गेला." मी पदर तोंडाला लावला. तुम्ही पुढे काही बोलला नाहीत, मी विचारलं नाही. मला विचारायला येतच नाही. दुसऱ्या दिवसापासून येताना एक झेंडूचं फूल आणायचे आणि फोटोच्या चौकटीत खोचायचे. तुम्हाला वाटलं, बाई हौशी आहे. असं किती दिवस चाललं. आणि एका दुपारी तुमचा मोबाइल वाजला, तुम्ही म्हणालात, "जमना, हिरवं बटण दाब गं," मी दाबलं, आणि फोटोतला माणूस फोनमध्ये दाढी खाजवत म्हणाला, "आई, जेवलीस का?"

माझ्या हातातला पेला खाली पडला.

"काय झालं? कोण आहे तिथे?" तो विचारतोय. मी भिंतीला चिकटलेली. मागे भिंतीवर त्याचाच फोटो, ताजं फूल खोचलेला. त्याला तो दिसला असणार. "आई, माझ्या फोटोला फूल कोणी घातलं?"

तुम्हाला तेव्हा कळलं. तुम्ही हसून हसून खोकायला लागलात. "अगो, जिवंत माणसाला फुलं वाहिलीस! दान्या, तुझं सगळं क्रियाकर्म झालं रे बाबा इथे!"

मग तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत. तुमच्यात इस्राएलला राहायला जाणं म्हणजे 'वर जाणं'. तिकडचं पवित्र शहर डोंगरावर आहे, म्हणून तिथे माणूस नेहमी चढूनच जातो. कुठूनही निघा, वरच जायचं. मी म्हटलं, "आमच्यात वर जातो तो परत फोन करत नाही." तुम्ही म्हणालात, "तोही महिन्यातून एकदाच करतो, फार फरक नाही."

तुमचे डोळे गेले ते एकदम नाही. आधी सुईत दोरा जाईना, मग ब्लाउजच्या कापडाचा रंग कळेना. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, आहे ते जपा. त्या आठवड्यात तुम्ही कपाटातून ते पुस्तक काढून मांडीवर घेऊन बसलात. तुमच्या सासऱ्यांचं, जाड, कोपरे झिजलेलं. आत एका बाजूला तुमच्या देवाची भाषा, हिब्रू, आणि समोरच्या पानावर मराठी. तुम्ही पानं उलटत होतात आणि बोटांनी चाचपत होतात, जसं काही अक्षरं शिवणीसारखी हाताला लागतील.

"जमना, तुला वाचता येतं ना?"

"चौथीपर्यंतचं."

"देवाचं पुस्तक आहे, त्याला चौथी पुरे."

पण मलाही जवळचं दिसत नव्हतं. तांदूळ निवडताना खडे राहायचे, तुमच्या दाताखाली आले होते तेवढे. तुम्ही मला डहाणू रोडला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलात. मीच तुमचा हात धरून नेलं, पण नेलंत तुम्ही. चष्मा डोळ्याला लावला तर समोरच्या पाटीवरचं बारीक अक्षर माझ्या अंगावर धावून आलं. पैसे तुम्ही दिलेत. मी वाटेत म्हटलं, मी पगारातून थोडे थोडे फेडीन. तुम्ही म्हणालात, नको. मी म्हटलं, मग चष्माही नको. एवढं मोठं वाक्य मी तुमच्याशी पहिल्यांदा बोलले असेन.

"बरं," तुम्ही म्हणालात, "फेड. पण फिटेपर्यंत चष्मा माझा. त्यातून माझंच पुस्तक वाचायचं."

आणि पहिल्याच दुपारी मी चुकले. पुस्तक आपण जसं उघडतो तसं उघडलं, डाव्या हाताचा पुठ्ठा उचलला आणि मराठीचं पहिलं दिसलं ते पान वाचायला घेतलं. जोडाक्षरांना अडखळत, बोट ठेवून. इराणचा कोणी राजा हुकूम काढतो, लोकांना सांगतो, ज्याला जायचं असेल त्याने जा, आपल्या गावी देऊळ बांधा. इराणचा राजा म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं, आपल्याकडे चिकूच्या वाड्यांत इराणी आहेतच, ओळखीचा माणूस निघाला. आणि मग शेवटचे शब्द आले, त्याने वर जावे. त्याच्यापुढे काहीच नाही. कोरा कागद.

माझी जीभ चावली गेली. आजारी म्हाताऱ्या माणसासमोर पुस्तक उघडलं आणि पहिलंच काय निघावं? मी पुस्तक मिटलं.

"का गं थांबलीस?"

"संपलं."

"एवढ्यात?"

"हो. वर जा म्हणून सांगितलंय आणि संपलं."

तुम्ही हात पुढे केलात, पुस्तक माझ्या हातात कसं आहे ते चाचपलंत आणि कपाळावर हात मारलात. हिब्रू उजवीकडून डावीकडे जातं, म्हणून पुस्तकही उजवीकडून उघडतं. मी शेवटचं पान पहिलं समजून वाचलं होतं. मी लाजेने उठायला लागले, तुम्ही मनगट धरलंत. "बस. चुकलीस ते बरं झालं. माझं वय बघता शेवटाकडून सुरू केलेलंच चांगलं. आत बरीच पुस्तकं आहेत. शेवटचं आधी घे, मग त्याच्या आधीचं. पहिलं अगदी शेवटी."

असं आपण वाचलं, मावशी. एकेक पुस्तक सरळ, पण पुस्तकांची रांग उलटी. आधी राजे मेले, मग लढले, मग जन्मले. आधी देऊळ पडलं, मग बांधलं. आमच्या ह्यांना मी रात्री जेवताना आपल्या बोलीत सांगायचे, तर ते म्हणायचे, "तुझ्या त्या देवाचं सगळं उलटंच दिसतंय. माणूस आधी राजा होतो, मग मेंढरं राखतो?" पण ऐकायचे. एखाद दिवशी मी गप्प राहिले तर विचारायचे, त्या मेंढरवाल्याचं पुढे काय झालं, म्हणजे मागे काय झालं?

ती दुपारची वेळ मला अजून सोडत नाही. जेवण आवरलं की तुम्ही खुर्चीत, मी खाली चटईवर, पुस्तक दोघींच्या मध्ये स्टुलावर. उजव्या पानाची ओळ उजव्या कडेपासून निघायची आणि शिवणीकडे यायची. माझ्या पानाची ओळ डाव्या कडेपासून निघायची, तीही शिवणीकडेच. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी तुमचं बोट धरून आधी तुमच्या ओळीवरून फिरवलं, मग माझ्या. तुम्ही शिवणकाम करणाऱ्या, तुम्हाला सांगावं लागलं नाही. "कापडाचे दोन पाट," तुम्ही म्हणालात, "आणि मध्ये टाका."

तुम्हाला हिब्रू पाठ होतं, लहानपणी बापाने करून घेतलं होतं, पण अर्थ पुष्कळ ठिकाणी कळत नव्हता. हे तुम्ही मला फार उशिरा सांगितलंत, कुणाला सांगू नकोस म्हणून. मी सुरुवातीचे दोन शब्द वाचले की तुम्ही ओळखीची जागा ओळखायचात आणि हिब्रू म्हणायला लागायचात, आणि म्हणून झालं की विचारायचात, "हं, आता सांग, मी काय बोलले?"

एकदा देवाच्या नावाशी अडलं. तुम्ही सांगितलंत, तिथे लिहिलंय एक आणि आम्ही म्हणतो दुसरं. खरं नाव तोंडाने घ्यायचं नाही.

मी म्हटलं, "नवऱ्याचं घेत नाही तसं?"

तुम्ही म्हणालात, "तस्संच. लिहिलेलं आहे, माहीत आहे, पण घ्यायचं नाही."

"आणि कुणी आग्रह केला तर?"

"तर काय?"

"तर उखाण्यात घ्यायचं. ही जी गाणी आहेत मधल्या पुस्तकात, डोंगर म्हणायचं, ढाल म्हणायचं, मेंढपाळ म्हणायचं, ते उखाणेच की देवाचे."

तुम्ही त्या दिवशी मला दान्याभाऊला फोन लावायला सांगितलंत, हे ऐकवायला. मी आत पळाले. मला माझंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही.

एक भांडण मात्र आपलं कधी मिटलं नाही. मराठीच्या पानावर सगळे देवाला 'तू' म्हणतात. रडताना तू, रागावताना तू. तुम्ही म्हणायचात, "देवाला तू आणि मला तुम्ही? मी काय त्याच्याहून मोठी?" मी कितीदा प्रयत्न केला, मावशी. तोंडाशी यायचं आणि परत जायचं. आजही लिहायला बसले तेव्हा वाटलं, आता तरी. नाही जमत. तुम्हीच राहा.

आणि दुसरं, ते भांडणही नव्हतं, कारण मी कधी तोंड उघडलं नाही. दान्याभाऊ दर वेळी म्हणायचा, "आई, वर ये. इथे डॉक्टर चांगले आहेत, तुझी खोली तयार आहे." आणि तुमचं उत्तर ठरलेलं, "पुस्तक संपलं की बघू."

मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. एकदा तुम्ही देवळात गाणी म्हणून घरी आल्यासारख्या खुशीत होतात तेव्हा मला विचारलंत, "जमना, मी जाऊ का गं?" मी म्हटलं, "तुमची मर्जी." मला 'नका जाऊ' म्हणायचं होतं. दोन शब्द. तुमच्या पुस्तकात एवढे मोठमोठे लोक देवाशीसुद्धा हुज्जत घालतात, आणि मला दोन शब्द निघाले नाहीत. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "चल, वाच."

चष्म्याचे पैसे मी थोडे थोडे देत होते. शनिवारी आणले तर तुम्ही हात मागे घ्यायचात, "आज नाही, आज पैसे म्हणजे निखारा." एकदम थोडे राहिले तेव्हा तुम्ही घेईनाच. "राहू दे. शेवटचे पैसे पुस्तक संपल्यावर दे. तोवर चष्मा माझा." म्हणजे सगळंच पुस्तक संपल्यावर होणार होतं. तुमचं जायचं की नाही तेही आणि चष्मा माझा होणं तेही.

उलटं उलटं येत आपण दुसऱ्या पुस्तकापर्यंत पोचलो. लोक गुलामगिरीतून रात्रीच्या रात्री निघाले. मी भाकरी करत करत मनात तेच बघायचे, पीठ आंबायला वेळ नाही, पोरं कडेवर, म्हातारी माणसं. आणि त्या गडबडीत त्यांचा पुढारी मोशे काय घेतो? योसेफ नावाच्या कुणाची हाडं. मी वाचायची थांबले.

"हाडं? कोणाची?"

"योसेफची."

"तो कोण?"

तुम्ही हसलात, तुमचं ते मिटल्या डोळ्यांचं हसू. "ते पहिल्या पुस्तकात. तुला उलटं वाचायचं होतं ना? आता थांब."

"सांगा ना. एवढी घाई, पोरांना घ्यायची का मेलेल्या माणसाची हाडं?"

"वचन दिलं होतं कुणी तरी. कुणी, कशाला, ते सगळं आहे तिथे. तू तलासरीहून आलीस की पहिलं पुस्तक घेऊ. जग निर्माण व्हायचं राहिलंय अजून आपलं."

मी म्हटलं, "आठ दिवस लागतील."

"लागू दे. जगाला घाई नाही."

माझी मुलगी तलासरीला, तिचे दिवस भरले होते. मी गेले. मुलगा झाला, काळा कुळकुळीत, मुठी आवळलेला. मी त्याला तेल लावत होते तेव्हा तुमच्या शेजारणीचा फोन आला. मी हात पुसले, पण फोन तेलकटच झाला. ती सांगत होती आणि मी नुसती हं, हं म्हणत होते. तलासरीच्या नाक्यावर जी पहिली गाडी मिळाली तिच्यात बसले. सगळ्या वाटेत ड्रायव्हर मोठ्याने कुणाशी तरी फोनवर भांडत होता आणि मला ते बरं वाटत होतं, कुणी तरी भांडतंय म्हणून.

मी पोचले तर दार उघडं आणि घर रिकामं. तुमच्यात मयत थांबवत नाहीत. मुंबईकडून तुमच्या समाजाचे लोक गाडी घेऊन आले होते, दान्याभाऊची वाट बघायला वेळ नव्हता, घेऊन गेले. तिथे तुमच्या यजमानांजवळ जागा होती. शेजारीण म्हणाली, झोपेतच गेल्या, चांगलं मरण. मयताच्या घरी तुमच्यात झाकतात तसा आरसा झाकलेला बघितला आणि परत बाहेर आले. घाई नाही म्हणालात. मग कोणाला घाई होती?

शेवटी वर गेलात, मावशी. पण तुमच्या अर्थाने नाही, आमच्या अर्थाने. मला दोन्ही नको होते.

चार दिवसांनी दान्याभाऊचा फोन आला. रडून आवाज बसलेला. घराचं काय करायचं ते सांगत होता, मशीन कुणाला द्यायचं, कपडे कुणाला. मग म्हणाला, "आईचं ते जुनं पुस्तक आहे ना, ते फार फाटलंय. देवाचं नाव असलेलं पुस्तक आम्ही टाकत नाही आणि जाळत नाही. माणसासारखं पुरतात. मुंबईहून आमच्या समाजाचे अहरोनकाका येतील ते न्यायला, उद्या-परवा."

आमच्याकडे जुनी पोथी पाण्यात सोडतात, तसंच ते, मला कळलं. पण अजून जग निर्माण व्हायचं होतं. हाडं कोणाची ते कळायचं होतं. दान्याभाऊ म्हणाला, "बरं, फोन ठेवतो." आणि मी म्हटलं, "थांबा."

मी एवढ्या जोरात म्हटलं की माझी मीच दचकले.

"भाऊ, पुस्तक राहू द्या थोडं. पहिलं राहिलंय आमचं."

"पहिलं? म्हणजे सगळंच राहिलं की."

"नाही. पहिलं शेवटी ठेवलं होतं. दुसरं झालं. समुद्र ओलांडून झाला."

मग तो म्हणाला, "तुम्ही उलटं वाचत होतात? म्हणून आई मला आधी देऊळ पडल्याचं सांगायची आणि मग बांधल्याचं! मला वाटायचं, तिचं डोकं..." मग म्हणाला, "तिसाव्या दिवशी काका येतील. तोवर वाचा."

मी रोज गेले. ह्यांना झाडांचं सांगून गेले. तुमच्या खुर्चीसमोर खाली चटईवर बसले, स्टूल मध्ये ठेवलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. पहिल्या दिवशी वाटलं, रिकाम्या खुर्चीला काय वाचून दाखवायचं. मग मुद्दाम एक शब्द चुकीचा वाचला. कुणी बोट वर केलं नाही. मी उठले, चहा केला, ओतून दिला, परत बसले आणि बरोबर वाचला.

जग झालं. झाडं, मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे सगळे. पूर आला. मी वाचत होते पण मन कुठे ठरत नव्हतं, पान उलटताना दर वेळी वाटायचं, आता विचारतील, मी काय बोलले? आणि एका दुपारी विहिरीशी आले. एक म्हातारा नोकर लांबच्या गावी मालकाच्या मुलासाठी नवरी बघायला जातो. विहिरीवर एक मुलगी खांद्यावर घागर घेऊन येते, त्याला पाणी पाजते, उंटांनाही पाजते. आणि तिचं नाव रिबका.

मी बोट त्या नावावरून काढलं नाही. तुम्ही सांगितलं नव्हतंत. एवढा काळ आपण वाचत होतो, तुम्ही कधी म्हणाला नाहीत, जमना, पहिल्या पुस्तकात मी आहे. समोरच्या पानावर उजवीकडून मोजत गेले, कुठल्या अक्षरांत तुम्ही असाल ते शोधत. सापडलं नाही.

पुढे तिच्या घरचे तिला बोलावून विचारतात, या माणसाबरोबर त्या लांबच्या मुलुखात जाशील का? आणि ती एकच शब्द बोलते. जाईन.

मी पुस्तक तसंच उघडं ठेवून बाहेर आले. रस्त्यावर गेले, आगरच्या बाजूला चालत सुटले, वाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांपर्यंत. कुणी ओळखीची बाई म्हणाली, "काय गं जमना, चष्मा लावून फिरतेस?" मी चष्मा काढायला विसरले होते. मला एवढंच वाटत होतं, हे तुम्हाला माहीत होतं. तुमच्याच नावाची बाई जाईन म्हणते हे तुम्हाला पाठ असणार. म्हणून पहिलं पुस्तक शेवटी ठेवलंत का? माझी चूक तुम्हाला सापडली आणि तुम्ही तिच्या आड बसलात? का खरंच जायचं होतं आणि त्या पानापर्यंत पोचून मला सांगणार होतात, ऐक जमना, हे माझं उत्तर?

संध्याकाळी मी दान्याभाऊला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी स्वतःहून फोन लावला.

"भाऊ, मावशी येणार होत्या का तुमच्याकडे?"

तो म्हणाला, "मी तरी कुठे ओळखून होतो, जमनाताई. विचारलं की म्हणायची, जमनाचं पुस्तक संपू दे, मग बघू."

"माझं?"

"हो. 'जमनाचं पुस्तक'च म्हणायची."

म्हणजे आम्हा दोघांनाही तेच उत्तर होतं. यावर मी अजून तुमच्याशी भांडते आहे. चुलीपुढे भांडते, टमटममध्ये भांडते. तुम्ही हो म्हटलं असतंत तर मी रडले असते, नाही म्हटलं असतंत तर त्याला वाईट वाटलं असतं, म्हणून पुस्तकाला मध्ये बसवलंत. शिवणारी बाई. दोन्ही पाटांना झोळ राहू दिलात, ओढून टाका घातला नाहीत.

योसेफ शेवटी आला. भावांनी विकलेला, परमुलखात मोठा झालेला. तिथेच म्हातारा झाला आणि मरताना म्हणाला, तुम्ही इथून निघाल तेव्हा माझी हाडं वर घेऊन जा. पुन्हा तोच शब्द, मावशी, वर. आणि तिथेच पहिलं पुस्तक संपतं. त्याला पेटीत ठेवतात, परक्या मुलखात, आणि संपतं. जो सरळ वाचत येतो त्याला इथे थांबून वाटत असणार, बिचारा, कोण नेणार याला, एवढ्या वर्षांनी कोणाला आठवणार? मला नाही वाटलं. मी आधीच बघितलं होतं. पीठ आंबायला वेळ नव्हता, पोरं कडेवर होती, तरी त्याला नेलं होतं. मी रिकाम्या खुर्चीला मोठ्याने म्हटलं, "नेला हो त्याला. विसरले नाहीत." आणि मग मी रडले, तोवर मी रडलेच नव्हते.

काल अहरोनकाका आले. रविवार होता. पांढरी टोपी, बोलणं हळू. मी पुस्तक धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, तान्ह्या पोराला घेतात तसं, आणि विचारलं, "पूर्ण झालं म्हणे तुमचं?"

मी मान हलवली. मग कनवटीचे पैसे काढले आणि त्यांच्यापुढे धरले. ते गोंधळले. म्हणाले, "हे कशाचे?"

"चष्म्याचे. राहिले होते. तुमच्याकडे दानाची पेटी असेल ना, तिच्यात टाका. मावशींच्या नावाने."

"दान देता?"

"दान नाही. देणं आहे."

मग त्यांनी पैसे मोजले नाहीत, खिशात वेगळे ठेवले, आणि पुस्तक छातीशी धरून पायऱ्या उतरले. मी दाराशी उभी राहून गाडी वळेपर्यंत बघितलं. नंतर आत आले, चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला.

सगळे फिटले, मावशी. चष्मा आता माझा.